ताई, साइट उघडत नाही!

सांगलीत विश्रामबागेत माझं दुकान आहे. खाली झेरॉक्स, वर मी आणि एकोणचाळीस वेबसाइट. फोन उचलला की पलीकडून पहिलं वाक्य तेच येतं, म्हणून या सदराला मी तेच नाव दिलं. या महिन्याच्या पत्रांत सर्टिफिकेटचीच पत्रं जास्त आहेत. हे एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे साइट आणि ती उघडणारा यांचं बोलणं कुलूपबंद करणारा दाखला. तो असला की साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो, नसला की ब्राउझर इशारा देतो. पहिलं पत्र लांब आहे आणि माझं उत्तर त्याहून लांब, पण ज्यांच्या गळ्यात एकापेक्षा जास्त साइट पडल्यात त्यांनी ते नेटाने वाचावं.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी चिपळूणचा. छपाईचा धंदा होता, तो बसल्यावर गेली सहा वर्षं लोकांच्या वेबसाइट करून देतो. आजमितीला चौदा साइट आहेत. तीन होम-स्टे, दोन आंबा-काजूवाले, एक शाळा, एक दातांचा दवाखाना, एक देवस्थान, बाकी किरकोळ. नऊ शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर) आहेत, पाच मी भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवर. ज्याच्याकडून मी सर्टिफिकेट घेतो त्याने यंदा साइटमागे १,८०० रुपये अधिक जीएसटी असा दर सांगितला. ‘नाहीतर एकच वाइल्डकार्ड घ्या, ९,५०० मध्ये चौदाही साइट बसतील,’ असंही म्हणाला. काय घेऊ? आणि दुसरं. सर्टिफिकेट फुकट मिळतं असं ऐकतो. ते खरं असेल तर गिऱ्हाइकाकडून मी त्याचे पैसे घेतो हे बरोबर आहे का? मनाला लागून राहिलंय.

उत्तर : दादा, आधी हिशेब करू. चौदा गुणिले १,८०० म्हणजे २५,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,५३६. झाले २९,७३६. तुमच्या पत्रातल्या साइट पाहता यातला एक रुपयाही सर्टिफिकेटवर घालवायचं कारण मला दिसत नाही.

त्या वाइल्डकार्डच्या नादाला तर अजिबात लागू नका. वाइल्डकार्ड म्हणजे रेशनकार्ड समजा. एका घरातली माणसं एका कार्डावर चालतात. एका डोमेनची म्हणजे साइटच्या मूळ नावाची, त्यापुढे बुकिंग, मेल, ब्लॉग असे शब्द लावून केलेली सबडोमेन असतील तर ती त्यात येतात. तुमची चौदा डोमेन म्हणजे चौदा वेगळी घरं, ती एका कार्डावर कुणी लिहून देणार नाही. गंमत अशी की या कार्डावर कुटुंबप्रमुखही आपोआप येत नाही. पुढे काही न लावलेलं मूळ डोमेन त्यात वेगळं नाव म्हणून घालावं लागतं. नातवंडंही येत नाहीत, म्हणजे सबडोमेनच्या पोटातलं सबडोमेन चालत नाही. ९,५०० भरून तुमची एक साइट झाकली गेली असती आणि उरलेल्या तेरांसाठी तुम्ही पुन्हा त्याच माणसाला फोन केला असता.

फुकट मिळतं हे खरं आहे आणि आता जुनंही झालं. लेट्स एनक्रिप्ट नावाची व्यवस्था डिसेंबर २०१५ पासून सगळ्यांना खुली आहे. ती इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था चालवते. मोठमोठ्या कंपन्या आणि संस्था तिला पैसे पुरवतात. सर्टिफिकेट ९० दिवसांचं मिळतं, हवी तितकी डोमेन घ्या, आणि मार्च २०१८ पासून वाइल्डकार्डही फुकट आहे. फुकटचं म्हणून कुलूप कच्चं असेल ही शंका काढून टाका. माहिती गुप्त ठेवण्याचं काम १,८०० च्या आणि शून्य रुपयांच्या सर्टिफिकेटमध्ये एकाच तऱ्हेने होतं. ब्राउझरही त्यात भेदभाव करत नाही.

मग लोक पैसे का देत होते? आम्हीही देत होतो. मी धंद्यात आले तेव्हा सर्टिफिकेट लावायचं तर त्या साइटला स्वतंत्र आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबर) घ्यावा लागायचा, त्याचं भाडं वेगळं. एका पत्त्यावर अनेक साइट असल्या तर कुठल्या साइटचं सर्टिफिकेट दाखवायचं हे सर्व्हरला कळत नसे. एसएनआय नावाची सोय आल्यावर ते कळायला लागलं, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती उमजत नव्हती आणि आपल्याकडच्या निम्म्या ऑफिसांत एक्सपी. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा हात सोडला, तेव्हा कुठे आम्ही आयपीचं भाडं भरणं थांबवलं. त्या दिवसांतले दर ज्यांच्या डोक्यात बसलेत ते आजही तेच सांगतात.

उणी बाजूही सांगते. अँड्रॉइड ७.१ च्या आधीचे फोन लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेट धडपणे ओळखत नाहीत. तुमच्या आंबेवाल्याच्या गिऱ्हाइकांत असे किती असतील? मला वाटतं एखाद-दुसरा. शिवाय अडलं तर फोन करायला कुणी नसतं. हे मात्र खरंच जाणवतं.

आता तुमच्या नऊ साइट. शेअर्ड होस्टिंगला सी-पॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पान) असेल तर त्यात ‘एसएसएल टीएलएस स्टेटस’ नावाचं पान शोधा. तिथे डोमेनांची यादी आणि ‘रन ऑटो-एसएसएल’ असं बटण असतं. ते दाबा, चहा पिऊन या, बहुतेक नावांपुढे हिरवी खूण आलेली असेल. ज्यांच्यापुढे लाल राहील ती नावं नीट वाचा. बहुतेक वेळा मूळ साइट बरोबर असते आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा मेल लावलेलं नाव दुसऱ्याच सर्व्हरकडे बोट दाखवत असतं. ते डीएनएसमध्ये (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदवहीत) सुधारा किंवा नको असेल तर यादीतून वगळा. काही होस्टिंगवाले हे बटणच काढून ठेवतात आणि त्या जागी स्वतःच्या विकतच्या सर्टिफिकेटची जाहिरात लावतात. तसं असेल तर भांडत बसू नका. होस्टिंगची मुदत संपली की बिऱ्हाड हलवा.

तुमच्या सर्व्हरवरच्या पाच साइटना सर्टबॉट लागेल. हा फुकटचा प्रोग्रॅम आहे. तो काय करतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे अडलं की कुठे अडलं ते कळेल. सर्टबॉट लेट्स एनक्रिप्टकडे अर्ज करतो की हे डोमेन माझं आहे. ते म्हणतात, असेल तर तुझ्या अंगणात ही खूण ठेव. तो साइटच्या ‘वेल-नोन’ या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवतो. मग तिकडून ८० नंबरच्या पोर्टवरून येऊन ती फाइल बघतात. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं दार, ८० साध्या ये-जेचं आणि ४४३ कुलूपबंद ये-जेचं. दिसली तर सर्टिफिकेट देतात. म्हणून ८० नंबरचं पोर्ट बंद करू नका. ‘आता सगळं ४४३ वर आहे, ८० कशाला?’ असं म्हणत फायरवॉल लावणारे हुशार लोक मला दर वर्षी भेटतात. ही पडताळणी जगातल्या अनेक ठिकाणांहून एकाच वेळी होते. त्यामुळे परदेशातून येणारी ये-जा बंद करून ठेवलेली असेल तर खूण कुणाला दिसणारच नाही.

अजून एक खाच. चौदांतली एखादी साइट सगळं बरोबर असूनही हट्टाने फसेल. त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये ‘ए’ चार वेळा लिहिलेली नोंद आहे का बघा. ती आयपीव्ही-६ ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब आयपी पत्त्याची. जुन्या होस्टिंगवाल्याने टाकलेली असते आणि साइट हलवताना आपण फक्त एका ‘ए’ची नोंद बदलतो. पडताळणी करणारे आधी आयपीव्ही-६ च्या दाराने जातात, जुन्या सर्व्हरवर पोचतात, तिथे खूण नसते. मला हे पहिल्यांदा कळायला पूर्ण दुपार लागली होती.

आणि प्रयोग करताना पुन्हा पुन्हा तीच आज्ञा हाणू नका. एका नावाची पडताळणी तासात पाच वेळा फसली की काही वेळ दार बंद. अगदी तेच सर्टिफिकेट आठवड्यात पाच वेळा घेतलं की सहावं मिळत नाही. आज्ञेपुढे दोन आडव्या रेघा देऊन ‘ड्राय-रन’ लिहिलं की रंगीत तालीम होते. तालमीत हवं तितकं चुका.

चौदा नावांचं मिळून एकच सर्टिफिकेट घ्यायचा मोह होईल. लेट्स एनक्रिप्ट एका सर्टिफिकेटवर शंभर नावं घालू देतं, त्यामुळे ते शक्य आहे. पण करू नका. उद्या त्यातल्या एका होम-स्टेवाल्याने डोमेन रिन्यू केलं नाही, की त्या एका नावाची पडताळणी फसते आणि सगळ्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण अडतं. एकाच्या आळसाने तेरांच्या घरात अंधार. शिवाय प्रत्येक सर्टिफिकेटची सार्वजनिक वहीत नोंद होते, ती कुणीही उघडून पाहू शकतं. सीआरटी डॉट एसएच या साइटवर डोमेनचं नाव टाका, तुम्हालाही दिसेल. दातांच्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर देवस्थान आणि काजूवाला पाहून एखाद्याने उद्या तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादीच करून नेली तर? दर साइटला वेगळं घ्या. फुकटच आहे की.

आता माझी फजिती. ही वाचल्याशिवाय सर्टबॉटला हात लावू नका.

तुळशीची लग्नं उरकली की मंगल कार्यालयांचे फोन वाजायला लागतात. तसल्याच एका रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. कार्यालयाचे मालक. ‘ताई, साइट उघडत नाही. लाल काहीतरी येतंय. लोक म्हणतात हॅक झाली.’ मी अंथरुणातूनच मोबाइलवर उघडली. सर्टिफिकेटची मुदत पहाटे संपलेली. मला पटेना, कारण सर्टबॉट दिवसातून दोनदा तपासणी करतो आणि महिनाभर उरला की नवं आणतो. सर्व्हरवर शिरले. सर्टिफिकेटच्या फोल्डरात बघितलं तर नवी फाइल आहे, महिन्यापूर्वीच आलेली, अजून दोन महिने बाकी. फाइलवर एक तारीख, ब्राउझरमध्ये दुसरी. मी दोन्ही तारखा पाटीवर लिहिल्यासारख्या कागदावर लिहिल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले.

घोडं इथे अडलं होतं. एनजिन्क्स हा वेब सर्व्हर सुरू होताना सर्टिफिकेट वाचून डोक्यात ठेवतो. फाइल बदलली हे त्याला आपणहून कळत नाही, त्याला ‘रीलोड’ म्हणावं लागतं. सर्टबॉटने त्याचं काम महिन्यापूर्वीच चोख केलं होतं, एनजिन्क्सला उठवायचं मी सांगून ठेवलं नव्हतं. त्याआधी दीड वर्ष सुरळीत चाललं, कारण मध्येमध्ये काही ना काही कारणाने सर्व्हर रीस्टार्ट व्हायचा आणि नवी फाइल आपोआप उचलली जायची. त्या वेळी दोन महिने रीस्टार्ट झाला नव्हता. रीलोड करायला मला दोन सेकंद लागले. मालक म्हणाले, दोन पार्ट्या दुसऱ्या कार्यालयात गेल्या. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण त्या वर्षीच्या देखभालीचे पैसे मी त्यांच्याकडून घेतले नाहीत.

म्हणून सर्टबॉटला ‘डिप्लॉय-हुक’ द्या. नवं सर्टिफिकेट आलं की ही आज्ञा चालव, असं त्यात लिहून ठेवायचं असतं आणि ती आज्ञा म्हणजे एनजिन्क्सचा रीलोड. रंगीत तालीम कितीही वेळा पास झाली तरी हे राहिलंय हे तालमीत दिसत नाही.

त्या रविवारनंतर मी आणखी एक केलं. रोज सकाळी सातला माझा सर्व्हर मला एक यादी पाठवतो. साइटचं नाव आणि उरलेले दिवस, इतकंच. हे दिवस तो फाइल बघून काढत नाही. बाहेरून, एखाद्या गिऱ्हाइकासारखा साइटच्या दारात जाऊन तिथे दाखवलं जाणारं सर्टिफिकेट वाचतो. वीसच्या खाली आकडा गेला की ते नाव यादीत वर येतं. असं काही लिहायला जमत नसेल तर अशी नजर ठेवणाऱ्या फुकट सेवा आहेत, एखादी घ्या. पूर्वी लेट्स एनक्रिप्ट स्वतःच मुदत संपण्याआधी मेल पाठवायचं, ते जून २०२५ मध्ये बंद झालं. कित्येकांना हे माहीत नाही, ते अजून त्या मेलच्या भरवशावर झोपतात.

तरीही विकतचंच घेऊ म्हणालात तर हे वेळापत्रक समोर ठेवा. विकत असो की फुकट, कुठल्याही सर्टिफिकेटची कमाल मुदत ब्राउझरवाल्यांनी आणि सर्टिफिकेट देणाऱ्यांनी मिळून कमी करत आणायचं ठरवलंय. पूर्वी ती ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. तुम्ही वर्षाचे पैसे एकदम भराल, पण सर्टिफिकेट तुकड्यातुकड्यांत मिळणार. ४७ दिवसांच्या काळात एका साइटला वर्षातून आठ वेळा, चौदांना मिळून एकशे बारा वेळा. हाताने लावत बसाल? शेवटी यंत्रालाच लावायला सांगावं लागणार, मग आत्ताच सांगा.

तुमच्या मनाला लागलेला प्रश्न शेवटी ठेवला, कारण पत्रातला तोच खरा वाटला. आजवर तुम्ही सर्टिफिकेट पैसे देऊन आणलीत आणि तितकेच लावलेत. त्यात लपवाछपवी कुठे आहे? पुढचं असं करा. मी बिलात ‘एसएसएल सर्टिफिकेट’ अशी ओळच लिहीत नाही. ‘वार्षिक देखभाल’ लिहिते आणि खाली बारीक अक्षरांत बॅकअप, अपडेट, सर्टिफिकेट चालू ठेवणं, साइट बंद पडली तर फोन उचलणं. विहिरीचं पाणी फुकट असतं म्हणून मोटर चालवणारा फुकट राबत नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगते की सर्टिफिकेट फुकट येतं, पैसे रविवारी सकाळी सातच्या फोनचे आहेत. आजवर एकानेही हुज्जत घातली नाही. फुकटच्या वस्तूचं नाव लिहून तिच्यापुढे १,८०० चा आकडा टाकणं मात्र मला पटत नाही. आणि देवस्थानाकडून मी तरी काही घेतलं नसतं, पण ते तुमचं तुम्ही बघा.

चालू सर्टिफिकेटची मुदत संपेपर्यंत थांबायची गरज नाही. सगळ्यात कमी वर्दळीची साइट आधी घ्या. शाळेची घेत असाल तर दहावीच्या निकालाच्या आठवड्यात नको.

प्रश्न : मॅडम, आमची कराडजवळ पतसंस्था आहे, मी सचिव आहे. मागच्या सभेत एका संचालकांनी आग्रह धरला की ब्राउझरच्या पट्टीत संस्थेचं नाव हिरव्या रंगात दिसलं पाहिजे, म्हणजे सभासदांचा विश्वास बसेल. एका विक्रेत्याने त्यासाठी ‘ईव्ही’ सर्टिफिकेटचं महागडं कोटेशन दिलंय. साइटवर फक्त व्याजदर, फॉर्म आणि संपर्क आहे. घ्यावं का?

उत्तर : सचिवसाहेब, ती हिरवी पट्टी आता कुणालाही दिसत नाही. क्रोमने ती सप्टेंबर २०१९ मध्ये काढली, फायरफॉक्सने पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये. संचालकसाहेबांनी ती पाहिली असेल तर त्याआधी. त्यांना सभेतच तुमच्या मोबाइलवर एखाद्या मोठ्या बँकेची साइट उघडून दाखवा, हिरवं काही दिसतंय का शोधायला सांगा. वाद मिटेल. क्रोमने तर सप्टेंबर २०२३ मध्ये साधं कुलूपही काढलं, तिथे आता दोन सरकत्या दांड्यांचं चित्र असतं. कारण लबाडांच्या साइटवरही कुलूप दिसायचं. सर्टिफिकेट एवढंच सांगतं की तुमचं आणि साइटचं बोलणं मध्ये कुणी ऐकत नाही. समोरचा भामटा आहे की संत, हे ते सांगत नाही.

ईव्हीमध्ये देणारी कंपनी तुमची नोंदणी, पत्ता, फोन तपासते, त्याचे पैसे असतात. एखाद्या करारात किंवा लेखापरीक्षकाने लेखी मागितलं असेल तर घ्यायलाच हवं. व्याजदर आणि फॉर्म दाखवणाऱ्या साइटला फुकटचं पुरे. वाचलेल्या पैशांत सभासदांना एक पत्रक छापून द्या, त्यात साइटचा खरा पत्ता ठळक अक्षरांत असू दे आणि संस्था कधीही फोनवर ओटीपी मागत नाही हेही. विश्वास त्याने जास्त बसेल.

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत असते. इथल्या मराठी मंडळाची साइट मी सांभाळते, पगार अर्थातच पुरणपोळीत. गणपतीची तिकिटं सुरू केली आणि साइटवर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ यायला लागलं. क्लाउडफ्लेअर (साइट आणि ती उघडणाऱ्याच्या मध्ये उभी राहणारी सेवा) लावलंय, सर्टिफिकेट त्यांचंच फुकटचं. सर्व्हरवर एचटीटीपीएसची सक्ती केली तेव्हापासून हे होतंय. सक्ती काढली की साइट चालते. मग राहू दे का तसंच?

उत्तर : नको गं. सक्ती काढल्यावर साइट चालते, पण अर्धीच सुरक्षित चालते. तुझ्या क्लाउडफ्लेअरच्या एसएसएल सेटिंगमध्ये ‘फ्लेक्झिबल’ निवडलेलं असणार. त्यात गिऱ्हाइकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंत कुलूप आणि तिथून तुझ्या सर्व्हरपर्यंत उघड्यावर. तुझा सर्व्हर म्हणतो, ‘कुलपाने या.’ क्लाउडफ्लेअर पुन्हा उघड्याने येतं, सर्व्हर पुन्हा तेच म्हणतो. दोघांची ही ‘पहले आप’ ब्राउझर थोडा वेळ बघतो आणि कंटाळून तो संदेश दाखवतो.

सर्व्हरवर एक सर्टिफिकेट लाव आणि सेटिंग ‘फुल स्ट्रिक्ट’ कर. क्लाउडफ्लेअर स्वतःच ‘ओरिजिन सर्टिफिकेट’ नावाचं देतं, फुकट, पंधरा वर्षांपर्यंतचं. ते फक्त क्लाउडफ्लेअरला कळतं, थेट ब्राउझरला नाही. त्यामुळे मध्येच कधी क्लाउडफ्लेअर काढून टाकलंस तर साइटवर लाल पडदा येईल, एवढं ध्यानात ठेव. तुझ्यानंतर जो कुणी मंडळाची साइट घेईल त्याच्यासाठी हे कुठेतरी लिहून ठेव. मंडळांत पासवर्ड आणि असली गुपितं मागच्या कमिटीबरोबर जातात, हे मी सांगायला नको.

प्रश्न : आमच्या पुस्तकांच्या दुकानाचं डोमेन देवनागरीत आहे, शेवटी डॉट भारत. त्याला फुकट सर्टिफिकेट मिळेल का? पुण्यातल्या दोघांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं.

उत्तर : मिळेल. त्या दोघांनी बहुतेक सर्टबॉटमध्ये देवनागरी अक्षरं टाकून पाहिली असणार आणि त्याने नाव नाकारल्यावर प्रयत्न सोडला असणार. तुमच्या डोमेनचं एक रोमन रूप असतं, ‘एक्स एन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं, पुढे अगम्य अक्षरांची माळ. डोमेन घेतलंत तिथल्या पानावर ते सापडेल. सर्टबॉटला ते द्या, हाताने टाइप न करता उचलून चिकटवा, त्यातलं एक अक्षर चुकलं तर ते वेगळंच डोमेन होतं. लेट्स एनक्रिप्ट २०१६ पासून अशा नावांना सर्टिफिकेट देतं. ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट उघडून पाहिलंत तर तिथेही कदाचित तीच माळ दिसेल, घाबरू नका. मिळालं की मला त्या साइटचा पत्ता पाठवा, दिवाळी अंक मागवायचे आहेत.